चार शिपायांइतका एक हिरो

प्रश्न : माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी रविवारी आमच्या हॉलमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला जमतात. वीस बाजूंचे फासे असतात, आकड्यांनी भरलेले कागद असतात आणि बाकी सगळी गोष्ट तोंडानेच चालते. परवा जरा बाजूला बसून ऐकलं. भाचीची लढवय्यी दोनशे फुटांच्या कड्यावरून खाली पडली. मला वाटलं, संपलं. पण बाई उठल्या, तलवार उचलली आणि समोरच्या राक्षसावर धावून गेल्या. रात्री झोप काढली आणि सकाळी अंगावर ओरखडासुद्धा नाही! ‘ती बारा लेव्हलची आहे मामा,’ एवढंच उत्तर मिळालं. या खेळांतले नायक इतके अचाट का असतात? पहिल्यापासून असेच होते का? आणि अशी माणसं ज्या जगात आहेत तिथे राजे आणि शिपाई हवेत कशाला?
— एक मामा, नाशिक

उत्तर : भाचीने थापा मारलेल्या नाहीत, नियमच तसे आहेत. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत पडण्याचा हिशोब असा : दर दहा फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि पडेल ते दान हिट पॉइंटांतून वजा करायचं. फासे जास्तीत जास्त वीस. त्यामुळे दोनशे फूट काय आणि दोन हजार फूट काय, मार सारखाच, सरासरी ७०. वीसच्या वीस फाशांवर सहा पडले तरी १२०. आता बारा लेव्हलची, अंगाने काटक अशी फायटर घेतली तर तिच्या नावावर साधारण ११२ हिट पॉइंट असतात. सरासरी दान पडलं तर ४२ उरतात, आणि ४२ उरलेली फायटर ११२ वाल्या फायटरइतकीच जोरात लढते. या खेळात लंगडणं नाही, धाप लागणं नाही. शून्यावर येईपर्यंत माणूस धडधाकट. वीस लेव्हलला तोच आकडा १८४ च्या घरात जातो. मग रोज सकाळी टकमक टोकावरून उडी मारून खाली यायचं ठरवलं तरी नियमांची हरकत नाही, कारण आठ तासांची विश्रांती घेतली की सगळे पॉइंट परत.

हिट पॉइंट म्हणजे रक्तमांस असं धरलं की हे हास्यास्पद दिसतं, आणि त्याची टिंगल जुनीच आहे. या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्यावर लांबलचक खुलासा केला. हा आकडा म्हणजे नुसती शरीराची सहनशक्ती नाही, त्यात लढण्याचं कसब आलं, नशीब आलं, देवाची कृपा आली. मुरलेल्या योद्ध्याला ‘लागलेला’ वार बहुतेक वेळा चाटून गेलेला असतो, असं त्याचं म्हणणं. खुलासा हुशारीचा आहे. पण दोनशे फुटांवरून खाली येणाऱ्या बाईला जमीन चाटून कशी जाणार? तिथे तो तोकडा पडतो, कारण आकडा आधी आला आणि त्याचं स्पष्टीकरण मागाहून शोधलं गेलं.

आकडा आला तो खेळण्यातल्या शिपायांमधून. गायगॅक्स अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा या लहानशा गावात राहायचा. त्याच्या मित्रमंडळींना लुटुपुटीच्या लढाया मांडायचा नाद होता. टेबलावर वाळू पसरायची, छोटे शिपाई ओळीने उभे करायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि फासे टाकून कोण पडला ते ठरवायचं. १९७१ मध्ये त्याने जेफ पेरेनबरोबर मध्ययुगीन लढायांसाठी ‘चेनमेल’ नावाचं नियमांचं पातळसं पुस्तक काढलं. त्याच्या शेवटी काही पानं जादूगार, ड्रॅगन, बुटके असल्या मंडळींसाठी जोडलेली होती. त्यात ‘हिरो’ नावाची एक सोंगटी होती. ती चार शिपायांइतकी लढायची आणि तिला पाडायला एकाच वेळी चार जीवघेणे वार लागायचे. तिच्या साधारण दुप्पट तो ‘सुपरहिरो’. बस्स. स्वभाव नाही, प्रतिज्ञा नाही, कुळगोत्र नाही. शौर्य किती, तर इतक्या माणसांचं.

हे मोजमाप आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. उद्योगपर्वात भीष्म दुर्योधनासमोर दोन्ही बाजूंच्या वीरांची अशीच प्रतवारी लावतात : हा रथी, हा अतिरथी. कर्णाची पाळी आल्यावर ते त्याला अर्धरथी ठरवतात, आणि कर्णाचं असं काही बिनसतं की भीष्म सेनापती असेपर्यंत आपण लढणार नाही म्हणून तो मोकळा होतो. आपल्या कागदावर आकडा कमी लागला म्हणून डाव सोडून उठणारा खेळाडू आजही प्रत्येक टेबलावर एक तरी सापडतोच.

चेनमेल खेळणारा मात्र सेनापती असायचा. एक हिरो पडला तरी त्याच्याकडे बाकीचं सैन्य होतं. शेजारच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसनने हा मामला उलटा केला. त्याच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला एकच माणूस, आणि तो माणूस एका किल्ल्याच्या तळघरात उतरायचा. आता फाशाच्या एका दानात तो गेला की खेळाडू बसला हात चोळत. मंडळींनी कुरकुर केली. आर्नेसनने मग स्वतःच्याच आरमारी खेळातला नियम उचलला. पोलादी पत्र्याचं लढाऊ जहाज एका तोफगोळ्याने बुडत नाही. त्याच्या नावावर एक आकडा असतो, प्रत्येक गोळ्यागणिक तो उतरतो आणि शून्यावर आला की जहाज तळाला. तोच आकडा त्याने माणसाला लावला. तेव्हा मामा, तुमच्या भाचीची फायटर वंशाने युद्धनौका आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाची मेख मला इथे दिसते. नायकाला बळ मिळालं ते त्याने काही पराक्रम केला म्हणून नाही. खेळाडूला तो गमवायचा नव्हता, म्हणून मिळालं. त्या माणसाला नाव दिलेलं असतं, त्याच्यापायी किती तरी संध्याकाळी खर्ची पडलेल्या असतात. जितका वेळ जास्त, तितकी त्याला मारायची सगळ्यांची तयारी कमी. पुढची पन्नास वर्षं हे खेळ याच एका ओढीने सरकत गेले.

सरकले मात्र सावकाश. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला तेव्हा पहिल्या लेव्हलच्या लढवय्याला दोन ते सात हिट पॉइंट मिळायचे आणि कुठल्याही हत्याराचा वार एक ते सहा पॉइंटांचा असायचा. एखाद्या किरकोळ गॉब्लिनने एक घाव बरा घातला की खेळ खलास. जादूगाराचे तर हाल विचारू नका. एक ते सहा पॉइंट आणि दिवसाला एक मंत्र. तो एकदा म्हणून झाला की उरलेला दिवस बाकीच्यांच्या पाठीमागे उभं राहायचं. लढवय्याच्या प्रत्येक लेव्हलला तेव्हा पदवी होती, आणि चेनमेलमधला तो ‘हिरो’ इथे चौथ्या लेव्हलला भेटायचा. दुसऱ्या लेव्हलला २,००० अनुभवगुण, तिसरीला ४,०००, चौथीला ८,०००. सुपरहिरो आठव्या लेव्हलला, १,२०,००० गुण गाठल्यावर. हिरो होणं ही बढती होती आणि बहुतेक उमेदवार तिच्याआधीच मरायचे.

गुण मिळायचे ते मुख्यतः सोन्याचे. तळघरातून वर आणलेल्या एका नाण्याला एक गुण. राक्षस मारून त्या मानाने चिल्लर हाती यायची. त्यामुळे शहाणी मंडळी लढाई टाळायची. लांब काठीने फरशी ठोकून बघायची, मशाल धरायला भाड्याचे गडी घ्यायची, राक्षसाला खायला टाकून मागच्या दाराने पेटी पळवायची आणि गरज पडली तर जीव मुठीत धरून धूम ठोकायची. या नायकांचे आदर्शही तसेच होते. गायगॅक्सने आपल्या आवडीच्या पुस्तकांची यादीच छापली आहे. तिच्यात टोल्किन आहे, पण रॉबर्ट हॉवर्डचा कॉनन आणि फ्रिट्झ लायबरची पुस्तकंही आहेत. या दोघांचे नायक खजिन्याच्या मागे असलेले लुटारू, जगाचे तारणहार वगैरे कोणी नाहीत.

तरी आकडे फुगायचे ते फुगलेच. काही डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, खिरापत वाटावी तशी जादूची हत्यारं आणि गुण वाटत सुटले. चाळीस-चाळीस लेव्हलचे सरदार निपजले. १९७६ मध्ये प्रकाशकांनी देवदेवतांचं एक पुस्तक काढलं आणि त्याच्या प्रास्ताविकात संपादक टिम कास्कने या उधळ्या मास्तरांना चक्क टोमणा मारला : साक्षात ओडिनचेच हिट पॉइंट तीनशे असतील, तर चव्वेचाळीस लेव्हलच्या लॉर्डला कोण भाव देणार? हेतू त्यांना लाज वाटावी हा होता. पण देवालाही आकडा लावला की बऱ्याच टेबलांवर त्याचा अर्थ व्हायचा तोच झाला. देव मारता येतो! १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये तर इंद्र, अग्नी, वरुण आणि विष्णूही चिलखताच्या आकड्यासकट हजर आहेत. विस्कॉन्सिनमधली शाळकरी पोरं इंद्राचे हिट पॉइंट मोजत बसली आहेत, हे चित्र मला फार आवडतं.

गायगॅक्सने स्वतः दुसरा उपाय करून पाहिला. ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे तळघर त्याने १९७५ च्या एका स्पर्धेसाठी वापरलं आणि १९७८ मध्ये छापलं. आत शिरल्यावर भिंतीवर एक मोठा हिरवा सैतानी चेहरा आहे. तोंड उघडं, आत मिट्ट काळोख, रांगत जाता येईल एवढी जागा. आत हात घातला तर हात गेला. कोणी अख्खा आत सरकला तर तो गेला, कायमचा. फासा नाही, हिट पॉइंटांची वजाबाकी नाही. शंभर लेव्हलचा असलास तरी त्या काळोखात तुझी किंमत शून्य. स्वतःच फुगवलेल्या आकड्याला टाचणी लावायचा हा प्रकार होता. तो प्रसिद्ध झाला, पण लोकप्रियतेचा ओघ दुसरीकडेच होता.

ओघ बदलल्याचं ठिकाण दाखवायचं तर मी १९८४ च्या ‘ड्रॅगनलान्स’वर बोट ठेवीन. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांची नावं या मालिकेशी जोडलेली आहेत. तिच्यात खेळाडूंना तयार नायक मिळायचे, त्यांना भूतकाळ होता, प्रेमं होती, आणि पुढच्या कथेत त्यांची कामं ठरलेली होती. आता यातला एखादा तिसऱ्याच खोलीत गॉब्लिनच्या हातून मेला तर पुढची सगळी पुस्तकं कोणी निभवायची? म्हणून पहिल्याच भागात एक नियम दिला : महत्त्वाचं पात्र मेलं तर प्रेत दिसेल असं मारू नका. दरीत पडलं, सापडलं नाही, असं काहीतरी करा, म्हणजे पुढे परत आणता येईल. आपल्याकडच्या मालिकांत अपघातात गेलेला नवरा दीडशे भागांनी चेहरा बदलून परत येतो, त्यामागची निकड हीच.

इथून नायकाची सुरुवातच वरच्या पायरीवर होत गेली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचा फायटर पंचवीस-तीस हिट पॉइंट घेऊनच जन्माला यायचा, आणि त्याच्यासमोर ठेवायला ‘मिनियन’ नावाची राक्षसांची जात केली होती. त्यांना प्रत्येकी एक पॉइंट. टपाटप पडावेत म्हणूनच घडवलेले. पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३०० गुण पुरतात आणि गॉब्लिनचे ५० मिळतात. शून्यावर आलात तरी मरत नाही, बेशुद्ध पडता. मग दर पाळीला वीस बाजूंचा फासा. तीनदा दहाच्या खाली गेलात तर मेलात, तीनदा दहा किंवा वर आलात तर वाचलात. समजा मेलातच, तरी पाच लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे पुरोहित, मिनिटाच्या आत पोहोचला आणि त्याच्या झोळीत तीनशे नाण्यांचा हिरा असला तर तो परत उठवतो. मृत्यूची किंमत ठरलेली आहे आणि ती परवडते.

मला यात वाईट काही दिसत नाही. कामाच्या धबडग्यातून मुली महिन्याला दोन-तीन रविवार काढणार, आपल्या पात्राची आई कोण, वैरी कोण, हे लिहून आणणार, आणि तासाभरात गॉब्लिन त्याचा मुडदा पाडणार, हे कोणालाच नको असतं. फक्त धोका गेला की धडधडही थोडी जाते. जुन्या पद्धतीने खेळणारे लोक म्हणून तर आजही आहेत. त्यांच्याकडे पळून जाण्याचे किस्से चांगले रंगतात, असं माझं मत.

आता राजे आणि शिपाई. पाचव्या लेव्हलचा जादूगार ‘फायरबॉल’ टाकू शकतो. वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा, सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ इजा. नियमपुस्तकातल्या सामान्य नागरिकाला चार हिट पॉइंट आहेत. फाशांनी दगा दिला, आठही फाशांवर एकेकच पडला आणि वर त्या नागरिकाने चपळाईने अर्धा मार चुकवला, तरी चार लागतात. म्हणजे भरल्या बाजारात एक गोळा पडला तर उघड्यावरचा एकही साधा माणूस वाचत नाही. असले जादूगार पंचक्रोशीत फिरत असताना राजे तटबंद्या बांधतात, घोडदळ पोसतात, आणि कोणी विचारत नाही की कशासाठी. सतराव्या लेव्हलला तर ‘विश’ मिळतो, जो तोंडातून मागणी निघाली की पुरी करतो, काही अटींवर.

गंमत अशी की ज्या कथांवर हा खेळ उभा राहिला त्यांत इतकं बळ नव्हतंच. मार्च १९७७ च्या ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या पाचव्या अंकात एकाने गॅण्डाल्फने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये केलेल्या जादूचा पाढा वाचून दाखवला आणि निष्कर्ष काढला की हा बाबा फार तर पाचव्या लेव्हलचा. २००७ मध्ये आणखी एका अमेरिकन लेखकाने तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांनी तसाच हिशोब मांडला आणि ॲरागॉर्नलाही पाचच्या आसपास बसवलं. तुमच्या भाचीने गॅण्डाल्फला केव्हाच मागे टाकलं आहे. सहाव्या लेव्हलनंतर बळ वाढूच द्यायचं नाही, असा घरगुती नियम काही मंडळींनी बसवला तो याच वैतागातून.

राजे कशाला, याचं जुन्या खेळाने दिलेलं उत्तर मला सगळ्यांत पटतं. नवव्या लेव्हलला लढवय्याला ‘लॉर्ड’ ही पदवी मिळायची. मग त्याने जंगल साफ करून किल्ला बांधायचा, माणसं पदरी ठेवायची, रयतेकडून कर घ्यायचा. राजा कशाला हवा? आता तूच हो की! तळघरात रांगणारा उमेदवार वाड्याच्या हिशोबात गुंतायचा आणि खेळाडूंना परत चेनमेलसारखी सैन्यं हलवता यायची. पुढच्या आवृत्त्यांत ही वाट बुजत गेली. नायक वीस लेव्हलपर्यंत चढत राहतो, पण हातात सातबारा काही येत नाही.

पाचव्या आवृत्तीच्या रचनाकारांनी निराळी तोड काढली. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत वरच्या लेव्हलच्या नायकाला साधा शिपाई शिवूच शकत नव्हता, वीसपैकी वीस पडले तरच वार लागायचा. पाचवीत नायकाचे हिट पॉइंट वाढतात, पण वार लागण्या-चुकण्याचे आकडे फारसे वाढत नाहीत. याचा परिणाम कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. प्रौढ लाल ड्रॅगनला २५६ हिट पॉइंट, चिलखत १९. समोर शंभर साधे पहारेकरी, हातात हलके क्रॉसबो. प्रत्येकाला १६ किंवा वर पडायला हवेत, म्हणजे चारांतल्या एकाचा बाण लागणार. पंचवीस बाण, सरासरी साडेपाच इजा, एका फेरीत १३७. दुसऱ्या फेरीत ड्रॅगन आडवा. खेळातली फेरी सहा सेकंदांची, म्हणजे बारा सेकंदांत निकाल. अर्थात ड्रॅगन पल्ल्यात उतरला पाहिजे, त्याच्या नुसत्या दर्शनाने पहारेकऱ्यांनी पळ काढता कामा नये, आणि त्याने आधी आग ओकली तर शंभराचे किती उरतील हे सांगवत नाही. पण राजाने शिपाई पोसायला निदान कारण मिळालं.

कॉम्प्युटरवरच्या खेळांत हा प्रश्न जास्त उघडा पडतो, कारण तिथे सावरून घ्यायला डंजन मास्टर नाही. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने नायकाबरोबर सगळं जगच वर चढवलं. तुम्ही पराक्रमी झालात की रस्त्यावरचा वाटमाऱ्याही पराक्रमी होतो. त्याच्या अंगावर राजालाही न परवडणारं काचेचं चिलखत, आणि मागतो किती, तर शंभर नाणी! ते चिलखत विकलं असतं तर त्याला जन्मभर रस्त्यावर उभं राहावं लागलं नसतं. खेळाडूंनी यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. २०११ च्या ‘स्कायरिम’ने नायकाला थेट ड्रॅगनच्या रक्ताचा, दैवाने नेमलेला ठरवून टाकलं. तो एकाच जन्मात जादूच्या विद्यापीठाचा प्रमुख होतो, चोरांच्या टोळीचा म्होरक्या होतो, मारेकऱ्यांच्या पंथातही सर्वोच्च जागेवर बसतो. आणि वेशीवरचा पहारेकरी? तो त्याला एखाद्या उडाणटप्पूसारखंच बोलतो. काय रे, चार मंत्र येतात म्हणून मी भारावून जाऊ का, अशा थाटात. कित्येकांना हे त्या खेळातलं व्यंग वाटतं. मला तोच पहारेकरी त्या जगातला सगळ्यांत खरा माणूस वाटतो. हुद्दा बघून तो मान वाकवत नाही.

प्रश्न : मामांचं पत्र आमच्या वाचनकट्ट्यावर सगळ्यांनी मिळून वाचलं, त्यामुळे पुरवणी प्रश्न माझा. सगळेच रोल-प्लेइंग गेम असे पहिलवानांचे असतात का? साध्या, घाबरणाऱ्या माणसाचा एखादा आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहेत, आणि चांगले आहेत. १९७८ च्या ‘रुनक्वेस्ट’मध्ये लेव्हल हा प्रकारच नाही. वार कुठे बसला ते फासा सांगतो. पाय गेला तर पाय गेला, आणि मुरलेला योद्धाही एखाद्या शिकाऊच्या नशीबवान फटक्याने कोसळू शकतो. ब्रिटनमधून १९८६ मध्ये आलेला ‘वॉरहॅमर फॅण्टसी रोलप्ले’ तर फासे टाकून तुमचा धंदा ठरवतो. त्यात निघालात उंदीर पकडणारा, तर सामानात मेलेले उंदीर लटकवलेली काठी आणि एक छोटं पण चावरं कुत्रं मिळतं. कुत्र्याचं वर्णन नियमातच तसं आहे, आणि अनेक टेबलांवर ते कुत्रं मालकापेक्षा जास्त दिवस टिकतं. जखमांसाठी वेगळे तक्ते आहेत. जेवण झाल्या झाल्या वाचू नयेत असे.

उलट टोकालाही जाऊन आलेले आहेत. २००१ च्या ‘एक्झाल्टेड’ने संकोच सोडून दिला : तुम्ही देवांनी निवडलेले, पहिल्या दिवसापासून सैन्यं उधळून लावणारे. डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, वीस लेव्हलला जिथे पोहोचतो तिथून याची सुरुवात होते. आडपडदा नसल्यामुळे मला तो डी अँड डीपेक्षा प्रामाणिक वाटतो.

तुम्हाला घाबरणारा माणूसच हवा असेल तर ‘कॉल ऑफ चथुलू’. सँडी पीटरसनचा, १९८१ चा. नायक म्हणजे प्राध्यापक, वार्ताहर, ग्रंथपाल. डी अँड डीमध्ये खेळ पुढे जातो तसा आकडा वाढतो. इथे ‘सॅनिटी’ नावाचा आकडा असतो आणि तो मुख्यतः उतरत जातो. जुनं पुस्तक वाचलं, उतरला. तळघरात काय आहे ते पाहिलं, उतरला. जितकं ज्ञान जास्त, तितकं वेड जवळ. बंदूक जवळ ठेवता येते, पण तिचा उपयोग मुख्यतः माणसांवर. खुद्द चथुलू समोर आला तर काय करायचं याबद्दल नियम थोडक्यात आटपतो : तो दर फेरीला एक ते तीन माणसं उचलतो. वाचण्यासाठी फासा नाही. फासा टाकायचा तो एक, दोन की तीन, एवढं ठरवायला.